बेसिकली, मूळचे कुठले?



पुण्याच्या खराडीत दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही मूळचे कुठले?" लिफ्टमध्ये येतो, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आईवडलांत येतो, इऑन आयटी पार्कच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर येतो. उत्तर देणारा लातूरचा असो, अकोल्याचा असो की साक्रीचा, उत्तराची सुरुवात बहुतेक वेळा एकाच शब्दाने होते. "बेसिकली लातूरचा." "बेसिकली आम्ही अकोल्याचे, पण बाबा नोकरीला नाशिकला होते."

आज मला या 'बेसिकली'बद्दल आणि त्याच्या भावंडांबद्दल बोलायचं आहे. ॲक्च्युअली, इसेन्शियली, फंडामेंटली, टेक्निकली. एखाद्या गोष्टीचा गाभा काय, तिचं मूळ रूप काय, ते आपल्याला ठाऊक आहे असा दावा करणारी ही इंग्रजी क्रियाविशेषणं. ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते मराठी शिकवायचे आणि हाडाचे शिक्षक होते. 'हाडाचे' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, त्याकडे पुढे येईन. भाषाशुद्धीची तक्रार घेऊन मी आलेलो नाही, एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींना उठून जायची घाई होणार नाही.

हा प्रश्न खराडीत इतका का विचारला जातो, हे उघड आहे. हवेली तालुक्यातलं नदीकाठचं हे शेतीचं गाव १९९७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आलं. मग झेन्सार, वर्ल्ड ट्रेड सेंटर, इऑन, आणि त्यांच्या मागोमाग मनोरे उभे राहिले. आज गावठाण सोडलं तर इथला जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. आपल्याकडे म्हण आहे की ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. आपण मुळामुठेच्या काठावर राहून रोज एकमेकांना तेच विचारतो.

आता उत्तराकडे नीट बघा. "बेसिकली लातूरचा." जुनं उत्तर होतं "मूळचा लातूरचा". म्हणजे 'मूळचा'च्या जागी 'बेसिकली' येऊन बसलं. इंग्लंडमधला माणूस गावाबद्दल असं सहसा बोलत नाही. तो 'ओरिजिनली' म्हणेल. 'बेसिकली'चा हा अर्थ आपण घडवला आहे. शब्द इंग्रजीतून घेतला आणि आपल्या 'मूळचा'च्या खुंटीला टांगला. पण पूर्ण बदल झालेला नाही. 'लातूरचा'मधला 'चा' जागेवरच आहे. एखादी मुलगी "बेसिकली लातूरची" म्हणते, कुटुंब "बेसिकली लातूरचे" म्हणतं. मूळ गेलं तरी प्रत्ययाने जागा सोडली नाही.

हा प्रत्यय मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसाचा किंवा वस्तूचा गाभा सांगण्याची मराठीची जुनी रीत काय होती, बघा. हाडाचा शिक्षक. पिंडाने कवी. अंगचा गुण. जातिवंत घोडा. जन्माचा आळशी. "ते त्याच्या रक्तातच आहे." हाड, पिंड, अंग, जन्म, रक्त, सगळं देहातलं. आणि यातले बरेचसे शब्द त्या माणसाशी लिंगवचनाने बांधलेले. हाडाचा शिक्षक, हाडाची शिक्षिका, हाडाचे शिक्षक. कोणाबद्दल बोलतो आहोत हे सांगितल्याशिवाय तो शब्द तोंडातून बाहेरच पडत नाही. 'बेसिकली'ला ते बंधन नाही. ते कोणाशीच जुळत नाही. "बेसिकली चांगला", "बेसिकली चांगली", "बेसिकली चांगले", तिन्हीकडे तेच.

परकी नामं मराठीत आली की त्यांना काही सोपस्कार करावे लागतात. बस ती, ट्रक तो, टेबल ते. लिंग ठरलं की विभक्ती लागते, टेबलावर, बसला, ट्रकमधून. क्रियापदांना 'करणे'चा हात धरावा लागतो, मॅनेज करणे, फॉरवर्ड करणे. अव्ययाला यातलं काहीच नको. दादोबा पांडुरंगांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंत सगळे व्याकरणकार अव्यय म्हणजे न बदलणारा शब्द असंच सांगतात. बाकीचे पाहुणे उंबऱ्याशी चपला काढून आत येतात, अव्यय चपलांसकट थेट माजघरात. म्हणून परक्या भाषेतून आलेली क्रियाविशेषणं पटकन शिरतात आणि परकी आहेत हे लवकर विसरलं जातं.

हे इंग्रजीपासून सुरू झालेलं नाही. फक्त, शिवाय, बिलकूल, जरूर, अखेर, खुद्द, दरम्यान, अलबत. हे शब्द फारसीतून आले, त्यातले काही मुळात अरबी. आज 'फक्त' परका आहे असं कोणाला वाटतं? शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणं हा त्याचा हेतू. त्याचे दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. पदं, हत्यारं, गड, कागदपत्रं, माल, सगळ्यांची सोय आहे. 'फक्त' आणि 'शिवाय' यांच्यासाठी मात्र वर्ग नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून महापौर, दिनांक, हुतात्मा, बोलपट असे शब्द आले आणि रुजले. तीही नामंच. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला आणि १९३८ साली भाषाशुद्धि-विवेक लिहिला. एकाच माणसाने दोन्ही कामं केली, यावरून हा गुंता किती आतला आहे ते कळतं. शुद्धीची प्रत्येक लाट नामांवर आदळली आणि हे लहानसे शब्द तिच्या खालून सुखरूप निघून गेले.

गंमत अशी की 'बेसिकली' हा शब्द इंग्रजीतही काही पुरातन नाही. 'बेसिक' हे विशेषण एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रात आलं, आम्लाच्या उलट असलेल्या पदार्थांच्या संदर्भात. त्याचं 'बेसिकली' व्हायला आणखी वेळ लागला. मेरियम-वेबस्टर कोश त्याची पहिली नोंद १९०३ ची देतो. आमच्या दादोबांचं महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ चं. म्हणजे मराठीचं छापील व्याकरण 'बेसिकली'पेक्षा निदान दोन पिढ्यांनी थोरलं आहे. जे इंग्रजीला नवं होतं ते आपल्याला जुनं आणि भारदस्त वाटतं, कारण ते आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आणि कंपनीच्या मीटिंगमधून आलं.

मग मराठीला असा शब्द नव्हता म्हणून तो आला का? मुळीच नाही. ज्ञानेश्वरीत 'निरुतें' आहे, 'स्वभावें' आहे, संतांच्या वाणीत 'तत्त्वतां' आहे. आजच्या मराठीत मुळात, मूलतः, वस्तुतः, वास्तविक, खरं तर, खरं म्हणजे, तसं पाहिलं तर, जात्याच, अशी मोठी फौज आहे. इतकं असताना एखाद्या शिकल्यासवरल्या, घरी उत्तम मराठी बोलणाऱ्या मुलीला 'बेसिकली' का लागतं, हा खरा प्रश्न. 'मराठी विसरत चालले' हे त्याचं उत्तर आळशी आहे. मी पुष्कळ दिवस कान देऊन ऐकतो आहे आणि मला कारण वेगळं दिसतं.

'मुळात' भांडकुदळ शब्द आहे. "मुळात तुला विचारलं कोणी?" "मुळात ही जागा आपली नव्हतीच." 'मुळात' म्हणणारा माणूस चालू असलेल्या वादाच्याही मागे जातो आणि समोरच्याच्या पायाखालची सतरंजी ओढतो. आता हीच मुलगी सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांसमोर बसली आहे. काम वेळेत झालेलं नाही. "मुळात तुम्ही दिलेली तारीखच चुकीची होती," हे खरं आहे, पण नोकरी टिकवायची असेल तर ते म्हणता येत नाही. "बेसिकली टाइमलाइन थोडी टाइट होती," हे म्हणता येतं. गोष्ट एकच. 'मुळात'मध्ये आरोप आहे, 'बेसिकली'मध्ये आरोपाची धार बोथट करून टेबलावर ठेवलेली आहे. 'ॲक्च्युअली'चंही तेच. "खरं तर मला यायचंच नव्हतं," यात कबुली आहे, मन उघडं केलेलं आहे. "ॲक्च्युअली सर, ते कालच पाठवलंय," यात मन उघडं करायचा प्रश्नच नाही, फक्त साहेबांची चूक साहेबांना न दुखवता दुरुस्त केलेली आहे. मराठीतले हे शब्द घर, शेताचा बांध, कोर्टकचेरी आणि कीर्तन इथे घडले. वरिष्ठासमोर बरोबरीच्या खुर्चीत बसून सौम्यपणे असहमती नोंदवायची, हा प्रसंग आपल्या भाषेला फारसा आलाच नव्हता. 'बेसिकली' त्या रिकाम्या जागेत बसलं.

'मूळचे कुठले?' या प्रश्नातही असंच काहीसं घडतं. हा प्रश्न नेहमीच निरागस नसतो. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की पुढचं आपोआप. ज्याला तिथवर जायचं नाही तो हसून म्हणतो, "बेसिकली पुण्याचेच आता," आणि दार लोटून घेतो. लग्न झालेल्या बाईला 'मूळची' म्हटलं की माहेर सांगायचं की सासर, हा घोळ असतो. "बेसिकली आम्ही सोलापूरचे," असं म्हटलं की त्या 'आम्ही'त कोण आलं हे तिने सांगितलंच पाहिजे असं नाही. कोणाशीच न जुळणाऱ्या शब्दाचा असा फायदाही असतो, हे मला मान्य केलं पाहिजे.

म्हणजे शब्द कामाचा आहे. त्याची किंमत काय पडते, हे आता बघू.

कोणत्याही सोसायटीच्या बैठकीत पाण्याचा विषय निघतो तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खराडी, वडगाव शेरी, विमाननगर या पूर्व भागासाठी भामा आसखेडची पाणीयोजना १ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. टँकर तरीही आपल्या आयुष्यातून गेले नाहीत. बैठकीत कोणी तरी उठून म्हणतं, "बेसिकली पाणी कमी येतंय." सगळे माना डोलावतात. त्या एका शब्दाने काय काय गिळलं? महापालिकेची लाइन किती दाबाने येते, टाकी किती वेळ भरते, पंप रात्री बंद का असतो, गळती कुठे आहे, कुठल्या मजल्याला पाणी पोचत नाही, टँकर कोण मागवतो आणि त्याची पावती कोणाकडे असते. 'बेसिकली' म्हणजे 'बाकीचं मी गाळलं आहे'. कधी ते गाळणं ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी असतं. डॉक्टर रोग्याला सोपं करून सांगतात, तेव्हा ते योग्यच आहे. पण कधी कधी जे गाळलं तेच खरं प्रकरण असतं.

नव्या मुलांना माझी एवढीच विनंती असते की वाक्यातून तो शब्द काढून बघा. "दोन्ही मॉड्यूल बेसिकली एकच आहेत." काढला तर वाक्य खोटं होतं, कारण ती एकच नाहीत, गाभ्यात सारखी आहेत. इथे शब्दाने पोटापुरतं कमावलं. "बेसिकली मला भूक लागली आहे." काढला तर काहीच हललं नाही.

आणि हे खापर इंग्रजीवर फोडू नका. आपल्या शुद्ध सरकारी मराठीचा 'तत्त्वतः' घ्या. "प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता." शब्दाचा अर्थ केवढा! तत्त्वाच्या पातळीवर, गाभ्यात, मंजूर. व्यवहारातला अर्थ आपण सगळे जाणतो. अजून पैसे नाहीत, जागा नाही, तारीख नाही. मेट्रो रामवाडीपर्यंत ६ मार्च २०२४ ला आली आणि वाघोलीकडच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली जून २०२५ मध्ये. आपण नगर रस्त्यावरची माणसं. मान्यतांचे किती प्रकार असतात आणि त्यातला कुठला प्रकार चाकांवर उभा राहतो, यात आपलं शिक्षण पुरेसं झालेलं आहे. 'तत्त्वतः' हे तर 'बेसिकली'च्याही पुढे गेलं. त्याने गाभा सांगता सांगता गाभाच पुढच्या बैठकीवर ढकलला.

गाभा सांगण्याचं काम आपल्या परंपरेत फार काटेकोरपणे केलेलं आहे. ज्यांनी कॉलेजात संस्कृत घेतलं असेल त्यांनी अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह वाचला असेल, बहुधा आठल्ये-बोडसांच्या आवृत्तीत. सतराव्या शतकातला हा छोटासा ग्रंथ. त्यावर अन्नंभट्टांनी स्वतःच दीपिका नावाची टीका लिहिली. त्यानुसार एखाद्या वस्तूचं लक्षण सांगताना तीन दोष टाळायचे. गाय कशाला म्हणायचं? 'कपिल रंगाची ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय सुटते. ही अव्याप्ती. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. 'एका अखंड खुराची ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, कारण गाईचे खूर दुभंगलेले असतात. हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे लक्षण तिन्ही दोषांतून सुटतं.

आता 'बेसिकली'चं एखादं वाक्य या कसोटीला लावू. "खराडी बेसिकली आयटीची आहे." गावठाणातली घरं, चंदननगरच्या बाजारात पहाटेपासून भाजी मांडून बसलेली माणसं, थिटे वस्तीतले रिक्षावाले, सोसायट्यांचे सुरक्षारक्षक, घरकामाच्या बायका, सगळी बाहेर राहिली. अव्याप्ती. हिंजवडी आणि मगरपट्टाही याच वर्णनात बसतात. अतिव्याप्ती. आणि बिल्डरांच्या माहितीपत्रकात खराडीला "बेसिकली शांत परिसर" म्हटलं की असंभव. एका वाक्याच्या दोन आवृत्त्यांत तिन्ही दोष निघाले. अन्नंभट्ट खूश झाले असते.

मी हे थट्टेने सांगतो, पण या देशात 'बेसिक' या एका विशेषणावर गंभीरपणे खल झाला आहे. १९७३ सालचा केशवानंद भारती खटला. संसदेला अनुच्छेद ३६८ खाली राज्यघटना दुरुस्त करता येते, पण कुठवर? तेरा न्यायाधीशांसमोर ६८ दिवस युक्तिवाद चालला. अर्जदारांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला की दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. मग त्या चौकटीत काय काय येतं? सरन्यायाधीश सिक्री यांनी आपली यादी दिली, इतर न्यायाधीशांनी आपापली, आणि त्या याद्या तंतोतंत जुळत नाहीत. कोणी म्हणेल, पाहा, शेवटी तेही मोघमच. मला तसं वाटत नाही. 'मूलभूत' म्हटल्यावर त्यांनी यादी द्यायची जबाबदारी घेतली, कारणं लिहिली, एकमेकांशी नावानिशी मतभेद नोंदवले. पुढच्या प्रत्येक खटल्यात ती यादी तपासता येते. मीटिंगमधल्या 'बेसिकली'च्या मागे अशी यादी नसते, आणि ती कोणी मागतही नाही.

यादी न देता, कारण न देता जेव्हा माणसांचं मूळ ठरवलं जातं, तेव्हा काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. आपला 'जात्याच' हा शब्द घ्या. "तो जात्याच हुशार." ऐकायला गोड. पण त्यातली 'जाती' बघा, आणि मग म्हणी आठवा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. माणूस बदलत नाही, हे सांगायला आपल्याकडे म्हणींचा तुटवडा कधीच नव्हता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. त्याच्या बाजूचा युक्तिवाद साधा होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तशाच काही जमाती पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार. म्हणजे गुन्हा हा त्यांनी केलेला नव्हे, त्यांच्या मुळातला. एकदा असं ठरलं की पुरावा कशाला हवा? नोंदणी करा, रोज हजेरी घ्या, गाव सोडायचं तर परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाआड सेटलमेंट. लहान मूल जन्माला यायचं तेच या नोंदीत.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला. भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. 'जन्मजात'च्या जागी 'सराईत' आला. कागदावर हा फार मोठा फरक आहे. जन्म माणसाच्या हातात नसतो, सराव असतो, आणि सराव सिद्ध करावा लागतो. ठाण्यातल्या हवालदाराच्या डोक्यात मात्र जुनाच शब्द बराच काळ राहिला. लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन १९८७ साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याचं नाव 'उचल्या'. लोकांनी गायकवाडांच्या समाजाला लावलेला शिक्का त्यांनी पुस्तकाचं नाव म्हणून उचलला आणि पुस्तकभर त्या शिक्क्याचा हिशोब मांडला. भूक, शाळा, पोलिसांची धाड, लातूरच्या गिरणीतलं काम. एकेक घटना, तारीखवार नसली तरी जागच्या जागी. 'ही माणसं अशीच' या वाक्याला माझ्या मते याहून चोख उत्तर मराठीत क्वचितच दिलं गेलं आहे.

तुम्ही म्हणाल, कुठे तो कायदा आणि कुठे आमचं लिफ्टमधलं 'बेसिकली'. अंतर आहेच, आणि ते मी पुसू इच्छित नाही. परंतु यादी न देता माणसांचं मूळ ठरवण्याची सवय एकच आहे आणि ती आपल्या इमारतींत रोज दिसते. घर भाड्याने द्यायचं असतं तेव्हा "बेसिकली फॅमिलीच हवी." का? "बॅचलर मुलं बेसिकली दंगा करतात." अमुक प्रांताचे लोक बेसिकली असेच. तमुक खाणारे बेसिकली तसेच. 'मुळात' म्हटलं असतं तर निदान कोणी भांडायला उठलं असतं. 'बेसिकली' सौम्य आहे, म्हणून त्याच्यामागे दडलेला पूर्वग्रहही सौम्य वाटतो, आणि ठराव मंजूर होतो.

अशाच एका सोसायटीच्या बैठकीला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. रात्रीच्या गोंगाटाचा विषय होता आणि बॅचलर भाडेकरूंना मनाई करणारा ठराव जवळजवळ तयार होता. एका सदस्याने ही बॅचलर मुलं बेसिकली कशी असतात याचं सविस्तर वर्णन केलं. मागे बसलेल्या एक आजी, बोलण्यावरून विदर्भातल्या असाव्यात, उठल्या आणि म्हणाल्या, "कोणती पोरं बाप्पा? नंबर सांगा ना घराचा." सचिवांना वॉचमनची तक्रारवही मागवावी लागली. तिच्यात एकाच फ्लॅटचा नंबर पुन्हा पुन्हा आलेला होता. त्या फ्लॅटमध्ये भाडेकरू नव्हतेच, मालक स्वतः राहत होते. त्याच वेळी ते पहिल्या रांगेत बसून ठरावाच्या बाजूने हात वर करायची वाट बघत होते. ठराव त्या दिवशी पुढे ढकलला गेला. तत्त्वतः तो अजून मंजूरच आहे, असं ऐकतो.